कुणी आलं न्हाय तर परत देतंय

मी बांधलेल्या पुडीवर दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी लागलेली दिसली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पुडी म्हणजे इथं सॉफ्टवेअरची. मी वापरतो ती संगणकप्रणाली फुकट मिळते, जगभरची हौशी माणसं ती फुकटात राबून सांभाळतात, आणि तिच्या आतच एक दुकान असतं. दुकान उघडायचं, हवं ते सॉफ्टवेअर निवडायचं, बटण दाबायचं, की ते आपोआप उतरून घेतलं जातं. प्रत्येकाच्या नावाखाली दोन ओळींचं वर्णन असतं, हे काय करतं ते सांगणारं. ज्यानं ती पुडी बांधून दुकानात ठेवली त्यानंच ते लिहिलेलं असतं. निदान मी तसं समजून चाललो होतो.

मराठीत लावलेल्या दुकानात पुडीला 'संकुल' म्हणतात. संकुल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बसस्टँडजवळचं व्यापारी संकुल येतं, खाली पानटपरी आणि वर कुलूप लागलेले गाळे. म्हणून मी पुडीच म्हणतो. लोहाऱ्यात आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ते कागदाची पुडी बांधायचे आणि कानावरची पेन्सिल काढून वर लिहायचे, धने, शोप, ओवा. दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचे नाहीत. आत काय घातलंय ते बांधणाऱ्यालाच माहीत, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलेलं होतं आणि अजूनही पटतं.

माझ्या पुडीचं नाव हाळी. त्याखाली वर्णनाची पहिली ओळ अक्काची होती.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. मी पुण्यात नोकरी केली, लग्नाचं जमता जमता राहिलं, आणि घरून काम करायची सोय झाली तसा मीही लोहाऱ्याला परत आलो. आईवडील तोवर नव्हते. मग आम्ही दोघंच. आमच्याकडं मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळं मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या माणसाला तम्मा म्हणणारं तेवढंच एक माणूस होतं.

माझी कामाची खोली माडीवर. कानाला हेडफोन लावून मी दिवसभर कंपनीच्या लोकांशी बोलत बसायचो. अक्का खाली स्वयंपाकघरात. दुपारी भाकरी झाली की ती जिन्याच्या तळाशी येऊन हाळी द्यायची. शेताच्या बांधावरून लांबच्या माणसाला बोलवायची पद्धत असते तशी, शेवटचा स्वर ओढून, "तम्माऽऽ, जेवाय येऽऽ!" शेजारच्या दोन घरांना ऐकू जायची, मला नाही. मग ती जिना चढून यायची. गुडघे दुखायला लागल्यावर मात्र तिनं वेगळा मार्ग काढला. पितळी ताट जिन्याच्या कठड्याला टांगलं आणि त्यावर उलथनं हाणायला लागली.

"तुझ्या त्या मशीनीत काय बी व्हतंय म्हणतूस," ती एकदा म्हणाली, "मग एवढं ताट वाजवाय लाव की तिला."

म्हणून मी तो छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात फार काही नव्हतं. ठरलेली वेळ झाली की हेडफोनमध्ये ताट वाजायचं. तिचा आवाज भरून घेऊ म्हटलं तर ती तयार झाली नाही. "माझा आवाज मशीनीत कशाला? म्या काय मेले का काय?" मग नुसतं ताटच भरून घेतलं. उलथनं तिनंच मारलं. पहिल्यांदा इतकं जोरात मारलं की मला हेडफोन काढून ठेवावा लागला, आणि ती पदर तोंडाला लावून हसत बसली.

दुकानात ठेवायला वर्णन हवं होतं. खरं तर ते इंग्रजीत द्यायची रीत आहे. मी अक्काला सहज विचारलं, "हे काय करतं म्हणून लिहू?"

ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "येळ झाली की हाळी देतंय. कुणी आलं न्हाय तर परत देतंय."

मी ते जसंच्या तसं पहिल्या ओळीत घातलं आणि त्याखाली माझं इंग्रजी लिहिलं, की ठरलेल्या वेळी आवाज वाजवणारं हे एक साधं साधन आहे. कुणी हरकत घेतली नाही. मी तिला पडद्यावर तिची ओळ दाखवली. शाळा तिसरीत सुटलेली असल्यानं ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायची. पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाली, "म्या म्हणलं तसंच हाय की!" तिला वाटलं होतं मी शहाणपणा करून बदलीन. तिच्या तोंडचं कुठं लिहून उमटलं असेल तर तेवढंच. सह्या सोडल्या तर तिनं आयुष्यात कागदावर काही ठेवलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी अक्का गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, लिहिता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझा जुना संगणक बंद पडला. नवा आणला आणि तो मराठीत लावला. जुना सवयीनं इंग्रजीत होता, पण घरात दिवसचे दिवस कुणी बोलायला नाही म्हटल्यावर निदान मशीन तरी आपल्या भाषेत बोलावी असं वाटलं. दुकान उघडलं, माझीच पुडी शोधली. नावाखाली लिहिलं होतं, 'निर्धारित वेळी ध्वनिमुद्रित सूचना वाजवणारी साधनप्रणाली.'

अक्काची ओळ नव्हती. मी दुकान बंद करून परत उघडलं, जसं काही तेवढ्यानं येणार होती. मग मूळ फाइल काढून बघितली. तिथं ओळ जागच्या जागी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही काही चूक नव्हे, ही तिथली रीतच आहे. कुणीतरी मराठी भाषांतर करून दिलं की मराठी संगणकावर तेच दाखवायचं, बांधणाऱ्यानं लिहिलेलं मागं ठेवायचं. भाषांतर करणाऱ्यानं माझं इंग्रजी तेवढं घेतलं होतं. वरची ओळ आधीच मराठीत असल्यानं तिचं काय करायचं ते त्याला कळलं नसावं, त्यानं ती सोडून दिली.

म्हणजे ज्यांच्या संगणकाला मराठी येत नाही, त्या सगळ्यांना अक्काची ओळ दिसत होती. जपानात दिसत होती, नॉर्वेत दिसत होती. जिथं ती वाचू शकणारा कुणी नव्हता तिथं ती सगळीकडं होती, आणि लोहाऱ्यात तिच्याच घरात तिला जागा नव्हती. मी त्या दिवशी जेवलो नाही. रागानं जेवलो नाही असं मी स्वतःला सांगितलं. राग होता, पण खरं म्हणजे मला फार एकटं वाटत होतं.

भाषांतर करणाऱ्या मंडळींना मी लिहिलं, अक्काची ओळ परत घाला म्हणून. जरा तिखटच लिहिलं. 'सूचना' तहसील कचेरीच्या भिंतीवर चिकटवतात, ती कुणी वाचत नाही, आणि हाळी माणूस माणसाला देतो, एवढा फरक तुम्हाला कळू नये का, वगैरे. उत्तर आलं ते इतकं सभ्य होतं की मीच खजील झालो. 'आदरणीय महोदय, "हाळी" हा शब्द आमच्या परिभाषेत आढळला नाही. तो "होळी"चा टंकनदोष असावा असे प्रथम वाटले होते, परंतु संदर्भ जुळेना. आपण सुचवलेला बदल करण्यास हरकत नाही. तथापि नियमानुसार शब्दाच्या वापरास अन्य एका मराठी भाषकाने दुजोरा देणे आवश्यक आहे.'

होळी! वेळ झाली की होळी देतंय. अक्का असती तर दिवसभर हसली असती आणि संध्याकाळी शेजारणीला बोलावून परत हसली असती.

दुजोरा देण्यासाठी त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि एका ओळीत होय म्हणायचं, बस. असं एक माणूस मला हवं होतं. आजवर दुजोरा म्हटलं की अक्काच असायची. घराला रंग कोणता, पाहुण्यांना काय द्यायचं, मी त्या कंपनीतला साहेब मूर्ख आहे म्हटलं की खालून, "व्हय, हायच त्यो मूर्ख." तिनं त्याला पाहिलंही नव्हतं.

कॉलेजातला एक मित्र भूमला असतो. त्याची खव्याची भट्टी आहे आणि एके काळी तो माझ्याइतकाच संगणकवेडा होता. फोनवर काम होईना म्हणून मी धाराशिवला एसटी बदलून भूमला गेलो. तो भट्टीवरच भेटला. कढईतला खवा घोटणाऱ्या माणसांवर ओरडत होता, फोनवर बोलत होता, आणि मधेच माझ्याकडं बघून हसत होता. त्यानं मला खव्याचा गरम गोळा द्रोणात घालून दिला. मी सगळं सांगितलं.

"आरं, हाळी म्हणजे हाळी," तो म्हणाला. "त्याला दुजोरा काय मागायलेत? तुझं नाव काय इचारल्यावर साक्षीदार आण म्हणतेत का?"

"तेवढं लिहून दे की तिथं."

"देतो की. आज बाजार हाय बघ. घरी गेल्यावर करतो. मोबाइलवर व्हतंय का?"

होतं म्हणालो. तो भला माणूस आहे, आणि त्यानं ते केलं नाही. मी परत आठवण केली नाही. त्याच्या घरात बायको, मुलं, सून, भट्टीवरची माणसं, दिवसभर कुणी ना कुणी त्याला हाका मारत असतं. हाळी या शब्दासाठी माझा जीव का चाललाय हे त्याला कुठून कळावं. परतीच्या एसटीत मी मोबाइलमधली नावं वर-खाली सरकवत बसलो. गॅसवाला, दूधवाला, कंपनीची माणसं, डॉक्टर, मोटार दुरुस्त करणारा. यातल्या कुणाला हे सांगावं असा एक मनुष्य मला सापडला नाही. खिडकीबाहेर काढलेल्या ज्वारीची धसकटं संपता संपत नव्हती.

घरी आल्यावर मी संगणकाची भाषा बदलून इंग्रजी केली. दुकान उघडलं. सगळी बटणं, सगळे मथळे इंग्रजीत, आणि माझ्या पुडीखाली पहिल्या ओळीत अक्का. येळ झाली की हाळी देतंय. कुणी आलं न्हाय तर परत देतंय.

मी ते तसंच ठेवलं. तिचं मराठी दिसावं म्हणून घरातलं मराठी बंद करून बसलो. सकाळी चहा घेऊन माडीवर गेलो की आधी दुकान उघडायचं, ओळ बघायची, मग कामाला लागायचं. लोक फोटोला हार घालतात, माझं हे चाललं होतं. प्रोग्रॅमसुद्धा चालू होता. दुपारी एकला ताट वाजायचं आणि मी खाली जाऊन सकाळी केलेला भात गरम करून खायचो. पुष्कळदा खाली जायचोच नाही.

असे काही महिने गेले आणि एक मेल आलं. पुडी बांधणाऱ्याला त्यातला दोष कळवायचा असेल तर लोक असं लिहितात, पण माझ्या पुडीत दोष निघायला तिला वापरणारं कुणी हवं ना. हे मेल एका शाळेतल्या बाईंचं होतं, सरहद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावातून. मजकूर मराठीत होता.

'सर, नमस्कार. आमची शाळा कानडी, घरात मराठी. माझा कम्प्युटर कानडीत आहे. तिथं सगळी वर्णनं कानडीत नाहीतर इंग्रजीत दिसतात, तुमचं एकट्याचंच मराठीत दिसलं. हाळी वाचून लई बरं वाटलं, आमच्याकडं तसंच म्हणतेत. मालकांचं पुढं दुकान आहे, ते तिथं कम्प्युटरवर बसतेत. जेवायला बोलवायला म्हणून टाकून घेतलं. पण सर, तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलायलंय. कुणी आलं न्हाय तर परत देतंय असं लिहिलंय. परत देत नाही. मी दोन आठवडे बघितलं. एकदाच देतंय आणि गप बसतंय. आमच्या घरात पहिल्या हाळीला कुणी उठत नाही. तेवढं नीट करून द्या.'

मी ते मेल वाचलं, आणि पडद्यावरची ओळ वाचली, आणि परत मेल वाचलं. बाईंचं बरोबर होतं. मी परत हाळी देण्याचं काही लिहिलेलंच नव्हतं. ताट एकदा वाजायचं, तेवढंच त्या प्रोग्रॅमला येत होतं. रोज सकाळी मी ती ओळ बघत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात यायचं कारणही नव्हतं. ताट वाजलं की मी हेडफोन काढायचो, पण तरी खाली गेलो नाही तर अक्का जिन्याशी यायची आणि स्वतः ओरडायची, "तम्माऽऽ, भाकरी गार व्हायलीऽऽ!" परत देण्याचं काम तिचं होतं. मी विचारलं होतं की मशीन काय करते, आणि तिनं आपण काय करतो ते सांगितलं होतं. ज्या भाषांतरावर मी एवढा तापलो होतो, त्यानं मशीनबद्दल अगदी खरं तेच लिहिलं होतं.

मी उठून जिन्यापर्यंत गेलो. कठड्याला ताट अजून टांगलेलं होतं, त्यावर धूळ बसली होती. तिथंच पायरीवर बसून मी रडलो. ती गेल्यापासून पाहुण्यांपुढं रडलो होतो, नीट असा रडलो नव्हतो.

मग बाईंना लिहिलं, चूक माझी आहे, दुरुस्त करून देतो. आणि भीत भीत विचारलं, हाळी हा मराठी शब्द आहे एवढं भाषांतरवाल्यांच्या संकेतस्थळावर लिहून द्याल का. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुजोरा तिथं होता, कानडी खात्यावरून दिलेला. 'आहे. रोज वापरतो.' भाषांतराच्या मंडळींनी मान्य केलं, फक्त 'येळ'चं 'वेळ' आणि 'न्हाय'चं 'नाही' केलं. मी भांडायला बसलो होतो, अर्धं लिहूनही झालं होतं. अक्का कधी 'वेळ' म्हणाली असती तर मी तिला ताप आलाय का म्हणून बघितलं असतं. पण 'हाळी' राहिली होती आणि 'परत' राहिलं होतं, म्हणून लिहिलेलं पुसलं. संगणक पुन्हा मराठीत लावला.

आता प्रोग्रॅम खरा करायचा होता. काम सोपं होतं, चार ओळींचं. गाडं अडलं ते एका आकड्यावर. पहिली हाळी दिल्यावर दुसरी किती वेळानं द्यायची? मशीनला ते सांगावं लागतं. मी डोळे मिटून आठवायला लागलो. ताट वाजायचं, मग खालून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग काही वेळ शांतता, मग जिन्याशी अक्का. ती माझ्या वाटची शेवटची भाकरी हाळी दिल्यावर तव्यावर टाकायची, गरम मिळावी म्हणून. ती फुगून उतरली की मी दिसायला हवा, नाही दिसलो की दुसरी हाळी. एक भाकरी व्हायला लागतो तेवढा तो वेळ.

म्हणून मी खाली जाऊन भाकरी करायला घेतली. ती गेल्यावर पिठाच्या डब्याला मी हात लावला नव्हता. डब्यातलं टाकून दिलं, ज्वारी दळून आणली आणि पीठ मळलं. पहिली भाकरी थापतानाच फाटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरीला भाकरी म्हणता आलं असतं, कुणी प्रेमानं म्हटलं असतं तर. तिला लागलेला वेळ मी मोजला आणि तोच आकडा प्रोग्रॅममध्ये घातला. नवी पुडी बांधून दुकानात ठेवली. बाईंना कळवलं.

मग स्वतः बघायचं होतं. ती तिसरी भाकरी फडक्याखाली झाकून ठेवली आणि माडीवर जाऊन हेडफोन लावून बसलो. एकला ताट वाजलं. मी उठलो नाही. उठायचंच नव्हतं, तीच तर परीक्षा होती, पण पाय आपोआप खुर्चीखालून निघाले ते मी मागं घेतले. पडद्यावर मी काहीतरी वाचायला घेतलं आणि त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक जीप गेली. खाली काहीच आवाज नव्हता.

मग ताट परत वाजलं.

"आलो, आलो," मी मोठ्यानं म्हणालो, हेडफोन काढून ठेवला आणि खाली गेलो. भाकरी गार झाली होती.